खाड्यामागचे कारण

दबावाखाली काम करणाऱ्या गटात सर्वांत आधी नष्ट होते ती खरी माहिती. वरिष्ठाच्या रागाची धास्ती मनात असलेला माणूस काम टाळतोच असे नाही, अनेकदा तो अधिक राबतो. परंतु चूक झाली तर ती झाकतो, अडचण आली तर ती हाताबाहेर जाईपर्यंत बोलत नाही आणि आकडे विचारले तर विचारणाऱ्याला हवे असतील तेच सांगतो, आणि त्यामुळे निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर कामाचे चित्र पोहोचते ते रंगसफेदी होऊनच. नागपुरातील सदरसारख्या वस्तीत, जिथे रेसिडेन्सी रोडच्या दुतर्फा बँकांच्या शाखा, विमा कार्यालये आणि दुकाने दाटीवाटीने उभी आहेत, तिथे महिनाअखेरीस ‘टार्गेट’ हा शब्द, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायचे विक्रीचे उद्दिष्ट, ज्या सुरात उच्चारला जातो त्या सुरातच ही माहिती मरत असते. नेतृत्वातील माणुसकी आणि नेतृत्वातील प्रामाणिकपणा हे दोन स्वतंत्र सद्गुण नाहीत. पहिला नसेल तर दुसरा टिकूच शकत नाही, आणि या विधानाचा एक जुना पुरावा याच शहरात आहे.

जमशेटजी टाटांनी 1874 साली स्थापन केलेल्या सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची गिरणी 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात सुरू झाली. व्हिक्टोरिया राणी त्याच दिवशी भारताची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली, त्यामुळे गिरणीला एम्प्रेस मिल हे नाव मिळाले. मुंबई हे कापडधंद्याचे केंद्र असताना जमशेटजींनी नागपूर निवडले, कारण कापूस इथे पिकत होता, कोळसा फार दूर नव्हता आणि रेल्वे आली होती. कामगार मात्र गिरणीच्या शिस्तीला सर्वस्वी नवा होता. ज्याचे आयुष्य पेरणी, वेचणी, लग्नसराई आणि गावची जत्रा यांच्या तालावर चालत आले होते, त्याला भोंग्याच्या तालावर चालणे जमेना, आणि गिरणीत खाडे, म्हणजे न सांगता होणारी गैरहजेरी, मुंबईच्या मानाने कितीतरी अधिक होऊ लागले.

त्या काळच्या गिरण्यांत खाड्यावर एकच उपाय सर्वमान्य होता, तो म्हणजे दंड. पगारातून कापून घ्यायचे, पुन्हा खाडा झाला तर काढून टाकायचे आणि त्या जागी बदली कामगार उभा करायचा. हा उपाय स्वस्त होता, तत्काळ होता आणि त्यात व्यवस्थापनाला विचार करण्याची गरज उरत नव्हती. जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता यांनी दंडाची वाट सोडून, माणूस का येत नाही, हा प्रश्न विचारला. खाडा हा त्यांच्या लेखी गुन्हा राहिला नाही, गिरणीत काय कमी आहे हे सांगणारा तो निरोप ठरला. हा बदल दिसतो त्याहून फार मोठा आहे, कारण गुन्हा मानला की दोष कामगाराकडे जातो आणि निरोप मानला की उत्तर देण्याची जबाबदारी व्यवस्थापनावर येते.

या उत्तराचा काही भाग अगदी भौतिक होता. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात कापसाचा तंतू ठिसूळ होतो, साच्यावर धागा वारंवार तुटतो, आणि प्रत्येक तुटलेले टोक सांधण्यासाठी माणसाला धावावे लागते. अशा खात्यात उत्पादन घटले की घाईत असलेल्या मुकादमाला कामगाराचा आळस दिसतो, हवेतला कोरडेपणा दिसत नाही. एम्प्रेस मिलमध्ये हवा खेळती ठेवण्याची आणि तीत ओलावा राखण्याची यंत्रे बसवली गेली, आगीपासून बचावासाठी आपोआप चालू होणारे पाण्याचे फवारे आले. उत्तराचा दुसरा भाग भविष्याच्या काळजीशी निगडित होता. 1886 साली निवृत्तिवेतन निधी सुरू झाला, 1895 साली कामावरील अपघाताबद्दल भरपाईची व्यवस्था झाली आणि 1901 साली भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे कामगार आणि मालक दोघांच्या वाट्यातून साठणारी म्हातारपणाची पुंजी, अस्तित्वात आली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा भारतात 1923 साली झाला आणि भविष्यनिर्वाह निधीचा 1952 साली. कायदा यायला अवकाश होता तेव्हा हे घडले, याचे महत्त्व आजच्या वाचकाने थांबून ध्यानात घ्यावे असे आहे.

1895 साली गिरणीच्या विस्ताराच्या प्रसंगी केलेल्या भाषणात जमशेटजींनी इतरांहून अधिक उदार किंवा परोपकारी असल्याचा दावा स्पष्टपणे नाकारला. भागधारकांचे हित ते आपले हित आणि कामगारांचे आरोग्य व कल्याण हा भरभराटीचा खात्रीचा पाया, या सरळ व्यापारी तत्त्वांवर काम उभे केले, एवढेच त्यांचे म्हणणे होते. या भाषणातील प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे. जो मालक स्वतःला दाता म्हणवतो तो कृतज्ञतेची अपेक्षा ठेवतो, आणि कृतज्ञतेच्या ओझ्याखाली दबलेला कामगार तक्रार करू शकत नाही. उलट जो मालक आपला स्वार्थ उघड सांगतो त्याच्याशी निदान हिशेबाची भाषा बोलता येते.

बेझनजी मेहतांचे उदाहरण त्याहूनही बोलके आहे आणि नागपूरने त्याची पुरेशी आठवण ठेवलेली नाही. ते आले ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेतून; कापडधंद्याचा अनुभव त्यांना नव्हता. ज्याला धंदा येत नाही त्याला विचारावे लागते, आणि विचारणाऱ्या व्यवस्थापकाभोवती सांगणारी माणसे जमतात. जेम्स ब्रुक्सबी या तंत्रज्ञासोबत त्यांनी रिंग चातीचा, म्हणजे सूत अधिक वेगाने कातणाऱ्या नव्या पद्धतीच्या चातीचा, प्रयोग 1880च्या दशकात केला, तेव्हा इंग्लंडमधील नामांकित यंत्रनिर्मातेही त्याबाबत साशंक होते. फसलेल्या प्रयोगाची शिक्षा होणार नाही ही खात्री नसती तर असा प्रयोग त्या गिरणीत झाला नसता.

या अनुभवाला आधुनिक संशोधनाने वेगळ्या मार्गाने दुजोरा दिला आहे. हार्वर्डमधील अभ्यासक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास केला तेव्हा चांगले नेतृत्व असलेल्या विभागांत चुकांची नोंद अधिक आढळली; तिथे चुका अधिक होत असण्यापेक्षा त्या सांगितल्या अधिक जात असाव्यात, हा त्यातून निघालेला अर्थ. 1999 सालच्या लेखात त्यांनी याला गटातील मानसिक सुरक्षितता म्हटले, म्हणजे बोलल्याबद्दल अपमान किंवा शिक्षा होणार नाही हा सर्वांचा सामायिक विश्वास. याच्या नेमके उलट चित्र अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेत दिसले. प्रत्येक ग्राहकाला आठ सेवा विकण्याचा तिथे आग्रह होता; त्या दडपणाखाली कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली, सप्टेंबर 2016 मध्ये बँकेला 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला आणि सुमारे 5,300 जणांना कामावरून काढल्याचे उघड झाले. उद्दिष्ट कागदावर गाठले गेले होते. खोटे बोलल्यावाचून ते गाठता येणार नाही, हे वर सांगण्याची सोय मात्र नव्हती.

तरीही एम्प्रेस मिलला आदर्शाच्या मखरात बसवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांना 1911 सालच्या कायद्यापर्यंत कायदेशीर मर्यादाच नव्हती आणि तेव्हा ठरली तीही दिवसाला बारा तासांची. नागपूरच्या गिरणी कामगारांना रा. स. रुईकरांसारख्या नेत्यांच्या पाठीशी संघटित व्हावे लागले, 1930च्या दशकात संपावरही जावे लागले. वरून आलेली दया वरच्याच्या मर्जीने परतही जाऊ शकते. नाही म्हणण्याचा अधिकार कामगाराच्या हाती असेल तरच माणुसकीला बळ येते. चांगला नेता संघटनेला घाबरत नाही, कारण आपल्या कानावर न येणारी गोष्ट तिथून येऊ शकते हे तो जाणतो.

ती गिरणी आता नाही. 1986 साली ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, पुढे बंद पडली, आणि तिच्या जागेवर मॉल उभा आहे. गिरणीच्या कामगारांसाठी वसलेली, बेझनजींचे नाव धारण करणारी बेझनबाग वसाहत मात्र सदरच्या उत्तरेला, कडबी चौकाच्या पलीकडे, आजही नांदती आहे. सदरमधील शाखाप्रमुखांनी आणि दुकानमालकांनी या दिवाळीत बोनसची पाकिटे जरूर वाटावीत. पण त्याआधी, गेल्या वर्षभरात ज्यांना खाड्याबद्दल किंवा हुकलेल्या उद्दिष्टाबद्दल मेमो दिला, त्या प्रत्येकाला समोर बसवून कारण विचारावे, आणि ते कारण आपल्याच कारभारात सापडले तर तसे सर्वांसमोर सांगावे.