झिजलेली सुई

मननासाठी वचन : यहेज्केल ३६ : २५-२८



वडिलांच्या संग्रहातील भक्तिगीतांची एक लाँग प्लेइंग तबकडी गेल्या वर्षी खरखरू लागली. ‘स’ अक्षर आले की कानात काटा टोचे. मी तबकडीला दोष दिला, दोनदा धुतली. कारागिराने भिंगाखाली पाहून सांगितले, “तबकडी धडधाकट आहे. झिजली आहे ती सुई. अशीच वाजवाल तर चांगल्या खाचाही खरवडाल.”

सुईचे टोक हिऱ्याचे, भार जेमतेम दोन ग्रॅम. तरी शेकडो तास वाजल्यावर हिराही झिजतो. कार्ट्रिज भारी किमतीचे, मूव्हिंग कॉइल जातीचे. त्यातील चुंबक व केसाहून बारीक तारेची वेटोळी त्याने तशीच राखली आणि दांडीच्या टोकाशी नवा हिरा बसविला. आता त्याच तबकडीत गाणाऱ्याचा श्वासदेखील ऐकू येतो.

तेव्हा माझे मन मला टोचू लागले. घराच्या वाटणीवरून मी थोरल्या भावाशी वर्षभर अबोला धरला होता. आणि पाळकसाहेबांचे उपदेश कोरडे झाले, अशी तक्रार घरी करीत होतो. वचन तेच होते. झिजलो होतो मी. माझ्या खरखरीने मुलांचाही उपासनेतील आनंद खरवडला जात होता.

सुई स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. तिला कारागिराच्या हाती जावे लागते. यहेज्केलाच्या द्वारे देवाने दिलेले नव्या हृदयाचे अभिवचन असेच आहे. तो आपणांस टाकून देत नाही. आतून नवे करतो.

त्या रात्री प्रार्थना करून मी भावाला पत्र लिहिले. उत्तर अजून आलेले नाही. परंतु रविवारचे वचन मला पुन्हा ऐकू येऊ लागले आहे.

प्रियजनहो, वचन कोरडे वाटते काय? आधी सुई तपासून पाहा. आमेन.