वंशावळीतील रिकामी जागा

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या सायंकाळी मंडईत पाय ठेवावयास जागा नसते. गवार, भोपळा, भेंडी, अळू यांचे भाव कडाडलेले असतात, तरी रिकाम्या पिशवीने कोणी परतत नाही. यंदा आम्ही अळूच्या पानांचा भाव करीत उभे असता ओळखीच्या वृद्ध भाजीवालीने सहज विचारले, "कुणाचं हाय, दादा?" आम्ही म्हणालो, "ज्यांची तिथी ठाऊक नाही, त्या सर्वांचं." जुडी बांधता बांधता ती म्हणाली, "आमच्यात बी अवसेलाच असतंय. आज्याच्या पल्याड नाव कुणाला ठावं? पर पान वाढायचं चुकवत न्हाई."

हे बोलणे आमच्या मनात रुतून बसले. कारण त्याच वेळी आमच्या खिशात चुलतबंधूंचे पत्र होते, आणि एक नाव आम्ही मान्य करावे असा त्यात आग्रह होता.

हकीकत अशी. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापण्याचे चुलतबंधूंनी मनावर घेतले आहे. घरी जपून ठेवलेल्या वंशावळीत अकरा पिढ्या आहेत. पैकी तिसऱ्या पिढीची जागा कसरीने खाल्लेली आहे. ती भरून काढण्यासाठी बंधूंनी मोडी वाचणारा जाणकार गाठला व पेशवे दफ्तरात पुष्कळ खेटे घातले. अखेर आमच्या आडनावाचे, आमच्याच गावचे आणि सुमारे त्याच काळातले दोन गृहस्थ हाती लागले. एक १७६१ साली पानिपताच्या स्वारीत गेलेला कारकून, जो परतला नाही. दुसरा सरकारी रकमेची अफरातफर केल्यावरून कामावरून दूर झालेला कारकून. दोघांच्याही पित्याचे नाव कागदांत नाही. आमचा पूर्वज यांपैकी एक असेल, अथवा दोघांपैकी कोणीही नसेल. पुराव्याचे वजन दोन्हीकडे सारखेच. परंतु बंधूंच्या मसुद्यात तिसऱ्या पिढीच्या जागी पानिपतकर विराजमान झाले आहेत, आणि अफरातफर करणाऱ्यास आजोबा म्हणावयास घरातील एकही माणूस पुढे आलेला नाही!

बंधूंचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. ते लिहितात, "यात कोणाचे काय बिघडले? मुलांना काही अभिमान वाटेल. रिकामी जागा पाहून कोणाला स्फूर्ती येणार?" आम्ही कबूल करतो की, पत्र वाचताना क्षणभर आमचीही छाती फुगली होती. म्हणूनच या प्रश्नाचा नीट विचार करणे आम्हांस भाग पडले.

प्रथम हे पाहावे की कागद कोणाचे टिकतात. पेशवे दफ्तरातील हजारो रुमाल पूर्वजांच्या स्मरणार्थ बांधलेले नाहीत. त्यांत हिशेब आहेत, सनदा आहेत, वतनांचे तंटे आहेत. १८१८ साली राज्य गेल्यावर इंग्रजांनी ते सांभाळले, ते महसुलाच्या व इनामांच्या चौकशीकरिता. १८५२ साली तर त्या चौकशीचा स्वतंत्र कायदाच झाला. पुढे १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसायांनी त्यांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले, म्हणून तुम्हांआम्हांस त्यांची गोडी लागली. तात्पर्य, जो वतनासाठी भांडला त्याची वंशावळ तंट्याच्या निमित्ताने लिहिली गेली. ज्याच्यापाशी भांडण्याजोगे काही नव्हते तो कागदावर आलाच नाही. कागद टिकणे हे थोरवीचे प्रमाण नव्हे.

याची साक्ष मंडईच देईल. ही अष्टकोनी इमारत १८८६ साली उघडली व तीस गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. पुढे ते जाऊन महात्मा फुल्यांचे आले. ही दोन्ही नावे आपणांस ठाऊक आहेत. परंतु त्यापूर्वी शनिवारवाड्यापुढील मैदानात बसणाऱ्या ज्या बाया टोपल्या घेऊन येथे आल्या, त्यांची नावे कोण सांगणार? आणि आमच्या वंशावळीत तरी अकरा पिढ्यांत एका तरी सुनेचे नाव आहे काय? तिसरी पिढी कसरीने खाल्ली म्हणून आपण हळहळतो. पण निम्मे घराणे लिहिणाऱ्यानेच गाळले, त्याची हळहळ कोणास नाही.

ही अडचण आपल्यापुरतीच नाही. १८४५ पासूनच्या दुष्काळात आयर्लंडातून लक्षावधी लोक परदेशी गेले. त्यांचे वंशज आज पूर्वजांचा माग काढू लागतात तो धागा मध्येच तुटतो. १९२२ सालच्या यादवीत डब्लिनचे सरकारी दफ्तर जळाले आणि १८२१ ते १८५१ या काळातील खानेसुमारीचे बहुतेक कागद त्यात गेले. १८६१ ते १८९१ चे तर सरकारने त्याआधीच नष्ट केले होते. उरली मुख्यतः ग्रिफिथ याची १८४७ ते १८६४ मध्ये छापलेली कर-आकारणीची यादी. तीत जमीन कसणाऱ्या कुळाचे नाव सापडते, त्याच्या बायकामुलांचे नाही. एकाच गावात एकाच नावाचे चार जण निघाले की, त्यांतला अधिक बरा दिसेल तो आपला म्हणण्याचा मोह तेथेही होतच असेल. डब्लिनात आगीने केले ते आमच्या पुण्यात पाण्याने केले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांतील कितीतरी घरांतली दप्तरे चिखलात गेली.

आता बंधूंच्या प्रश्नाकडे वळू. यात कोणाचे बिघडते? पहिल्याने त्या पानिपतकराचे. त्याचे खरे वंशज कोठे असतील तर आपण त्यांचा आजा पळविला. दुसऱ्याने आमच्या खऱ्या पूर्वजाचे. तो कदाचित साधा भिक्षुक असेल, कदाचित कुळकर्ण्याच्या हाताखाली खर्डे घाशीत असेल. पण त्याच्या कष्टांवर पुढच्या आठ पिढ्या उभ्या राहिल्या. त्यास उठवून त्याच्या पाटावर दुसऱ्यास बसविणे ही कृतज्ञता कसली? आणि तिसऱ्याने मुलांचे. पुरावा सारखा असता गोड तेवढा खरा मानावा, हा धडा ज्या घरात पहिल्याच पानावर मिळतो, त्या घराने सत्याची बढाई मारू नये.

आश्चर्य हे की, ज्या रूढीस आम्ही इंग्रजी शिकलेले लोक अंधळी म्हणतो तिने हा प्रश्न फार पूर्वीच सोडविला आहे. श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावे घेतात. वंशावळीने गाळले त्यांस तेथे जागा आहे. तिथी ठाऊक नसेल तर अमावास्या आहे, गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावे अशी सोय आहे. अज्ञान झाकण्यासाठी कोणी खोटी तिथी पंचांगातून काढीत नाही. ठाऊक नाही हे कबूल करूनही ऋण फेडता येते, असा त्याचा अर्थ आहे. भाजीवालीस तो न शिकता कळला होता.

बंधूंस आम्ही उत्तर धाडले आहे. दोन्ही कागद परिशिष्टात छापावेत, अफरातफरीचा देखील. आणि तिसऱ्या पिढीच्या जागी नाव न घालता तितकी जागा मोकळी सोडावी, असे सुचविले आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही. बहुधा ते रागावले असावेत. छापखाना त्यांच्या हाती आहे, तेव्हा ते काय करतील हे सांगवत नाही. आमच्या प्रतीपुरते म्हणाल तर ती जागा आम्ही कोरीच ठेवणार आहो, आणि अमावास्येस एक पान तिच्या नावे वाढणार आहो.