पाप कुणाच्या माथी?

जिनिंगमधली पाळी संपवून मोबाईलवर रोझेलिनीचा 'रोम, ओपन सिटी' पाहिला. 1945 चा. युद्धानं मोडलेल्या शहरात, पैशाची ओढाताण करत काढलेला. 1952 ला मुंबईच्या महोत्सवात इटलीचे असे सिनेमे आले, त्यातूनच बिमल रॉयचा 'दो बिघा जमीन' उभा राहिला. ते ऋण कबूल.

पण दोस्तहो, एक गोष्ट खुपते. सगळं पाप जर्मनांच्या माथी. इटलीचे घरचे फॅसिस्ट कोपऱ्यात. अन् हाच दिग्दर्शक 1941 ला मुसोलिनीच्या आरमारासाठी सिनेमा काढत होता! मोडलेल्या देशाला उभं राहायला असं अर्धं खरं लागतं का? लागत असेल. पण उरलेलं अर्धं कुणी गिळायचं?

1978 ला नामांतराच्या दंगलीत आमची वस्ती जळाली. गाव अजून म्हणतं, बाहेरचे आले होते. आजी म्हणते, कशाचे बाहेरचे? ज्यानं काडी लावली त्याच्याच रानात मी खुरपत होते.

सिनेमाच्या शेवटी पाद्र्याला गोळी घालतात. पोरं कुंपणाआडून बघतात, अन् मुकाट शहराकडं चालू लागतात. 'फँड्री'तला जब्या चालू लागत नाही. धोंडा उचलतो, अन् थेट बघणाऱ्यांवर भिरकावतो. थेटरात मी मान चुकवली. शेजारचा पॉपकॉर्न खात होता.