राखणदार

महाडहून पोलादपूरकडे जाताना, सह्याद्रीच्या उघड्या पडत चाललेल्या उतारांवर मधूनच एखादा गर्द झाडांचा पुंजका दिसतो. ती बहुधा एखाद्या गावाची देवराई असते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड चालत नाही. वाळून पडलेले लाकूडही कोणी घरी नेत नाही. कारण विचारावे तर उत्तर येते, देवाला चालत नाही.

ह्या उत्तरापाशी ख्रिस्ती मन जरा अवघडते. झाड ही निर्मिती आहे, निर्माता नव्हे, असे आपण लहानपणापासून शिकलो. आठव्या शतकात संत बोनिफेस ह्यांनी जर्मनीतील गाईस्मार येथला देवाचा मानलेला ओक वृक्ष तोडला, ही कथा आपल्या परंपरेत कौतुकाने सांगितली जाते. तिच्यातील तत्त्व मला मान्य आहे. परंतु भीती गेल्यावर माणसाचा हात कशाने आवरायचा, ह्याविषयी ती कथा काहीच बोलत नाही.

'उपयोग' हे उत्तर चटकन सुचते. झाडे माती धरतात, पाणी मुरवतात. १९७०च्या दशकाच्या आरंभी ह्याच जिल्ह्यातील, श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या देवराईवर तोडीचे संकट आले. ग्रामस्थांनी पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ ह्यांच्याकडे धाव घेतली, तेव्हा त्यांनी राईतून वाहणाऱ्या ओढ्याकडे बोट दाखवले होते. म्हणजे देवाच्या धाकामागे व्यवहारही होताच.

पण निव्वळ व्यवहार पुरत नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. 'झाडे असती तर वाचली असती' असे म्हणणे सोपे आहे. अतिवृष्टीत झाडीचा उतारदेखील खचतो. शिवाय जंगल म्हणजे केवळ माती धरणारी भिंत असेल, तर त्याहून भक्कम भिंत बांधून देणारा अभियंता आला की जंगलाची बाजू संपली.

उंबराचेच पाहा. त्याची फुले फळाच्या आत दडलेली. तिळाहून लहान एक गांधीलमाशी फळाच्या बारीक छिद्रातून आत शिरते, परागण करते, तिथेच अंडी घालते आणि बहुधा तिथेच मरते. उंबर-वडाच्या कुळात साधारणपणे ज्या त्या झाडाची माशी निराळी. ती नसेल तर बी धरणार नाही. ती फळे खाणारे धनेश, वटवाघळे, माकडे उपाशी राहतील आणि त्यांच्या पोटातून रानभर जाणारे बीही जाणार नाही. उपयोगाच्या कोणत्या वहीत ह्या माशीची नोंद आहे? पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात प्रत्येक जिवाला देवापुढे स्वतःचे मोल आहे, ते आपल्या उपयोगावर अवलंबून नाही, असे शिकवले, ते मला म्हणूनच मोलाचे वाटते.

कोकणी माणूस राखणदार मानतो. रात्री वेशीवर फिरणारा, अदृश्य. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो तो तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. तिथे राखणदार आपणच आहोत. म्हणून देवराईला हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा उरत नाही. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी राईतलीच झाडे पाडली गेल्याची उदाहरणे आहेत, हे खरे. पण आपल्या चर्चच्या आवारातील चिंच-आंब्याखाली पेव्हर ब्लॉक कोणी बसवले?

आणि राखण फुकट होत नाही. पोलादपूरच्या डोंगरात बरेच रान मालकीचे आहे. घरात लग्न निघाले, दुखणे आले, की ठेकेदार उभी झाडे घेतो आणि रोख पैसे मोजतो. त्या शेतकऱ्याला 'तोडू नकोस' असे सांगणाऱ्याने त्याच्या रुग्णालयाच्या बिलाचे काय करायचे, हेही त्याच बैठकीत सांगितले पाहिजे. ते रान जगल्याचा लाभ खालच्या गावांना होतो, दूरच्या शहरांना होतो; राखण मात्र त्या एकट्यानेच करायची, असे आपण कोणत्या न्यायाने ठरवले?