गरजेपुरते शूर

भंडाऱ्याहून कामठीची छावणी साठेक किलोमीटर. १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली आणि पाठोपाठ कामठीत दुसरी. दुसऱ्या महायुद्धातले पंचवीस लाखांचे हिंदी सैन्य 'स्वेच्छेने' भरती झाले, असे कौतुकाने सांगतात. पण दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करणारा किंवा बिडीच्या सुपावर वाकलेला इथला दलित तरुण पलटणीत जाई, तेव्हा त्या स्वेच्छेत पोट तर होतेच. शिवाय ज्या गावात विहिरीला हात लावता येत नव्हता, तिथून ताठ मानेने निघण्याची वाटही होती.

त्या वाटेवरचे फाटक मात्र सरकारच्या हाती होते. १८१८ला कोरेगावच्या लढाईत महार शिपाई इंग्रजांच्या बाजूने लढले. १८९०च्या दशकात इंग्रजांना 'लढाऊ जाती'चा साक्षात्कार झाला आणि महारांची भरती बंद पडली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांच्यासारखे दलित पुढारी भरती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज करत राहिले. पहिल्या महायुद्धात, १९१७ला, माणसे कमी पडू लागली, तेव्हा १११वी महार पलटण उभारली. युद्ध सरले, १९२१ला ती मोडली. शौर्य होते तेवढेच होते, सरकारची गरज संपली होती.

अमेरिकेतल्या काळ्या शिपायांची गत याहून वेगळी नव्हती. तिथल्या यादवी युद्धात १८६३ला उभ्या राहिलेल्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत गोऱ्या शिपायाचे १३ डॉलर यांना मिळाले नाहीत. मिळणार होते १०, त्यातले ३ पुन्हा कपड्यांसाठी कापून. त्यांनी पगारच नाकारला आणि बिनपगारी लढले. १८६४ला अमेरिकेच्या संसदेला समान वेतन मान्य करावे लागले. मला त्यांच्या लढाईपेक्षा हा नकार मोठा वाटतो. शाबासकी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. वेतन आपले असते.

सुभेदार रामजींच्या मुलाने हे नेमके ओळखले होते. १९४१ला संरक्षण सल्लागार समितीवर असताना बाबासाहेबांनी महार पलटणीचा आग्रह धरला. पुढे राज्यघटनेत सरकारी नोकरीतली समान संधी कलम १६ने हक्क म्हणून नोंदली गेली. पलटण एका हुकमाने मोडता येते, हक्क तसा मोडता येत नाही.

आज त्या शिपायांच्या पणतवंडांकडे कुणी 'गुणवत्तेचा पुरावा' मागतो, तेव्हा एवढे आठवावे: त्यांच्या पणजोबांनी पुरावा दिला होता. तो घेऊनच त्यांना घरी पाठवले होते.