दोन्हींच्या पाटीवर ३६ किलोवॅट

भोसरीच्या एमआयडीसीत एक कारखानदार होता. थर्मोकपलवर चढवायच्या अल्युमिनाच्या नळ्या तो बनवायचा. कारखान्यात विजेवर चालणारी दोन मोठी धुडं होती. ओल्या नळ्या वाळवणारा ओव्हन आणि वाळलेल्या नळ्या १६०० अंशांवर भाजणारी भट्टी. दोन्हींच्या पाटीवर मजकूर एकच: थ्री फेज, ४१५ व्होल्ट, ३६ किलोवॅट. सगळा घोटाळा या पाटीने केला.

दोन्हीकडे जुने कॉन्टॅक्टर होते. दिवसभर खटॅक-खटॅक चालायची, पॉइंट जळायचे, तापमान वरखाली व्हायचं. भट्टी पेटवायची तर ट्रान्सफॉर्मरचे टॅप एकेक करत चढवावे लागत. वैतागून मालकाने ठरवलं की आता थायरिस्टर रेग्युलेटर बसवायचे. ३६ किलोवॅट म्हणजे फेजला ५० ॲम्पिअर. विक्रेत्याने ७५ ॲम्पिअरचे सुचवले आणि जोडी घेतली तर सूट देतो म्हणाला. आत हीटर कसला आहे हे त्याने विचारलं नाही, मालकानेही सांगितलं नाही. सूट निघाली की प्रश्न मागे पडतात, हा आपल्याकडचा जुना अनुभव.

आलेले रेग्युलेटर बर्स्ट फायरिंगचे होते. विजेची लाट शून्यावर असते त्या क्षणी हे चालू होतात आणि शून्यावरच बंद. दहा आवर्तनांपैकी चार पूर्ण सोडली, सहा अडवली की ४० टक्के उष्णता. ओव्हनवर हा प्रकार असा बसला की मालकाने पेढे वाटले. काटा ठरल्या अंशावर, आवाज बंद.

भट्टीवर मात्र सकाळी स्विच दाबला की फ्यूज जायचा. रेग्युलेटर आल्यामुळे टॅपची कटकट संपली असं समजून सगळ्यांनी टॅप पूर्ण चढवून ठेवला होता. सेमिकंडक्टर फ्यूज महाग, शिवाय दुकानात सहज मिळत नाही. तिसऱ्या वेळी रात्रपाळीच्या वायरमनने त्या जागी साधा एचआरसी फ्यूज ठोकला. पुढच्या सकाळी फ्यूज वाचला, थायरिस्टर गेला.

मालकाने विक्रेत्याला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही आमचं वरचं मॉडेल घ्या. फेज अँगल, सॉफ्ट स्टार्ट, करंट लिमिट, सगळं आहे त्यात." मालक म्हणाला, "दोन द्या." ओव्हनवर चांगला चाललेला रेग्युलेटर काढून कपाटात ठेवला आणि तिथेही महागडा बसवला. एकदा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्यामुळे या खरेदीचा मला राग येत नाही. भट्टी सुरळीत पेटू लागली, तेव्हा कुणी का म्हणून विचारलंही नाही.

मग बिल आलं. युनिट जेमतेम तेवढेच, पण पॉवर फॅक्टर घसरलेला. कपॅसिटर वाढवले तर तेच तापू लागले.

त्या सुमारास कारखान्यात आयटीआय झालेली एक शिकाऊ मुलगी आली होती. तिने स्टोअरमधला जुना डिमरस्टॅट मागून घेतला. लाइन तोडून, ट्रान्सफॉर्मर बाजूला करून तिने गार एलिमेंटला अगदी थोडे व्होल्ट दिले आणि किती ॲम्पिअर जातात ते लिहिलं. ओव्हनच्या तारेचंही तसंच. भट्टी पूर्ण तापल्यावर चालत्या लाइनवरचे आकडे घेतले. मग कागद मालकापुढे ठेवला.

"साहेब, ओव्हनची तार निक्रोमची आहे. गार असो की गरम, तिचा रेझिस्टन्स जवळपास तेवढाच राहतो. भट्टीतले एलिमेंट मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचे आहेत. गार असताना त्यांचा रेझिस्टन्स गरमच्या साधारण दहावा हिस्सा असतो."

"बरं, मग?"

"मग सकाळी ती भट्टी ३६ किलोवॅटची नसतेच. जवळजवळ शॉर्ट असते. त्यात मधे ट्रान्सफॉर्मर. शून्यावर चालू करणं ओव्हनला सोसतं, ट्रान्सफॉर्मरला तेच सगळ्यात वाईट. पहिल्याच अर्ध्या आवर्तनात गाभा चुंबकत्वाने तुडुंब भरतो आणि लाइनमधून करंटचा लोंढा येतो. म्हणून तिथे प्रत्येक लाट हळूहळू उघडणारा फेज अँगल हवा आणि करंट लिमिट हवीच. टॅपही नीट बसवायला हवा, म्हणजे रेग्युलेटर बराचसा उघडा चालेल."

"आणि ओव्हनला हा चांगला रेग्युलेटर का चालत नाही?"

"चालतो की. पण तो प्रत्येक लाटेचा सुरुवातीचा भाग कापतो. रात्री ओव्हन नुसतं तापमान धरून असतो, पाव ताकदीवर. पाव ताकदीला फेज अँगलचा पॉवर फॅक्टर शून्य पूर्णांक पाच येतो. लाटच तुटलेली, ती कपॅसिटर जोडून सांधत नाही, उलट तिच्या हार्मोनिक्सने कपॅसिटर तापतात. आधीचा बर्स्टवाला अख्ख्या लाटा सोडत होता, तोच बरा होता."

मालक बराच वेळ कागद बघत राहिला. मग म्हणाला, "पोरी, हे विक्रेत्याने का नाही सांगितलं?"

"साहेब, आपण त्याला किलोवॅटच सांगितले होते."

कपाटातला रेग्युलेटर ओव्हनवर परत गेला. तिने आणखी एक हट्ट धरला. भंगारात टाकलेले कॉन्टॅक्टर उचलून आणले आणि दोन्ही लाइनमध्ये पुन्हा जोडायला लावले, जादा तापमानाच्या वेगळ्या कंट्रोलरवर. थायरिस्टर मरतो तो बहुधा शॉर्ट होऊनच मरतो, म्हणजे हीटर बंद न होता पूर्ण चालू राहतो, तेव्हा लाइन तोडायला दुसरं काहीतरी लागतं. शिवाय पॅनेलला पंखा बसवला, कारण हा रेग्युलेटर ॲम्पिअरमागे सव्वा-दीड वॅट स्वतःच तापतो. तिन्ही फेजचे मिळून दोनशे वॅट बंद पेटीत, तेही मे महिन्यात. साधे एचआरसी फ्यूज कुलपात गेले आणि त्यांची किल्ली तिच्याकडे राहिली.

पुढच्या महिन्यात पॉवर फॅक्टर पूर्वीच्या जागी आला. ओव्हनवरून उतरवलेला महागडा रेग्युलेटर आता विकायला काढलाय. घ्यायला येणाऱ्याने आपला हीटर कसला आहे, गार आणि गरम रेझिस्टन्स किती आहे आणि मधे ट्रान्सफॉर्मर आहे का, हे लिहून आणल्याशिवाय मालक किंमत सांगत नाही.