मुरायला लागणारा वेळ

टीव्हीवर फिगर स्केटिंग बघताना वेग कळतच नाही. कॅमेरा स्केटरबरोबर सरकत असतो, त्यामुळे ती जागच्या जागी नाचते आहे असं वाटत राहतं. २८ मार्च २०२५ च्या रात्री बॉस्टनच्या टीडी गार्डनमध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली महिलांची फ्री स्केट बघायला मी बसले होते. जपानची काओरी साकामोतो समोरच्या कोपऱ्यातून वळून गेली आणि इतकी वर्षं आपण नेमकं काय बघत होतो, असा प्रश्न मला पडला. चार-पाच ढांगांत ती रिंकच्या दुसऱ्या टोकाला होती. त्याहून जास्त लक्षात राहिला तो आवाज. सरावाच्या सहा मिनिटांत सहा जणी एकदम बर्फावर असतात, तेव्हा काहींच्या पात्यांचा खरवडल्यासारखा आवाज येतो. तिच्या पात्याचा आवाज वेगळा होता. जाड कापड एका दमात सरळ फाडावं, तसा. एकसंध आणि खालच्या पट्टीतला.

हा आवाज धारेचा असतो. स्केटचं पातं जेमतेम चार मिलिमीटर जाडीचं. त्याच्या तळाला मधोमध बारीक खाच असते, म्हणून एकाच पात्याला दोन धारा मिळतात, आतली आणि बाहेरची. या खेळाचं सगळं व्याकरण या दोन धारांवर उभं आहे. लुट्झ ही उडी बाहेरच्या धारेवरून घ्यायची, फ्लिप आतल्या. लुट्झच्या ऐन क्षणी घोटा आत कलला की परीक्षक गुण कापतात. धार खोल लागायची तर शरीराला भरवेगात कलावं लागतं, पडण्याच्या अगदी जवळ जावं लागतं आणि तिथेच निवांत राहावं लागतं. हे काही एका हंगामात जमत नाही. त्यासाठी गुडघा, घोटा, पाठ आणि मन वर्षानुवर्षं एकत्र तयार व्हावं लागतं.

साकामोतो त्या रात्री २४ वर्षांची होती. २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं ती जगज्जेती होती. महिलांमध्ये असं याआधी झालं होतं ते १९६६ ते १९६८ या काळात, पेगी फ्लेमिंगच्या नावावर. चार फेऱ्यांची उडी, म्हणजे क्वाड, किंवा ट्रिपल ॲक्सेल या दोन्हींच्या आधाराशिवाय तिने ही पदकं मिळवली. बॉस्टनमध्ये शॉर्ट प्रोग्रॅमनंतर ती पाचवी होती. फ्री स्केटमध्ये १४६.९५ गुण घेऊन ती दुसऱ्या क्रमांकापर्यंत वर आली. तिला बघताना माझ्या मनात आपला एक साधा शब्द सारखा येत होता: मुरणं. लोणचं मुरतं, गाणं मुरतं, माणूस एखाद्या कामात मुरतो. त्याला कसब लागतं आणि काळही लागतो. काळाला पर्याय नसतो.

महिलांच्या फिगर स्केटिंगने हा काळच आपल्या मुलींना नाकारला होता, असं माझं म्हणणं आहे. आणि बॉस्टनमध्ये मी जे बघितलं, ते तो काळ थोडासा परत मिळाल्यावर काय होतं याचं उदाहरण होतं.

तीन वर्षं मागे जाऊ. १७ फेब्रुवारी २०२२, बीजिंग ऑलिंपिकमधली महिलांची फ्री स्केट. कामिला वालियेवा, वय १५. आदल्या डिसेंबरात घेतलेल्या तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन हे हृदयविकारावरचं औषध सापडल्याचं ऑलिंपिक सुरू असतानाच उघड झालं होतं. तरीही तिला उतरू दिलं गेलं. ती पुन्हा पुन्हा पडली आणि पहिल्या क्रमांकावरून चौथ्यावर घसरली. बर्फावरून बाहेर येताच प्रशिक्षकांनी तिला, तू लढणं का सोडलंस, असा जाब विचारला, तो साऱ्या जगाने ऐकला. एकाच फ्री स्केटमध्ये पाच क्वाड मारणारी अलेक्सांद्रा त्रुसोवा रौप्यपदक मिळूनही हुंदके देत होती. आणि सुवर्ण जिंकलेली आना श्चेरबाकोवा, वय १७, हातात एक खेळणं धरून एकटीच होती. त्या संध्याकाळी तिसरी आलेली आणि आनंदाने रडणारी साकामोतो मला तेव्हा नीटशी दिसलीच नव्हती. माझी नजर त्या तीन मुलींवरून हलत नव्हती. तिघी एकाच प्रशिक्षकांच्या हाताखालच्या होत्या. वालियेवाचा निकाल पुढे रद्द झाला; जानेवारी २०२४ मध्ये क्रीडा लवादाने तिच्यावर चार वर्षांची बंदी घातली. शिक्षेवर नाव एका मुलीचं होतं. पंधरा वर्षांच्या मुलीच्या शरीरात काय जातं, ते तिच्या एकटीच्या हातात असतं, यावर माझा विश्वास बसत नाही.

इतक्या कोवळ्या वयाच्या मुलींना पुढे करण्यामागचं कारण पदार्थविज्ञानातलं आहे आणि ते क्रूर आहे. उडीत स्केटर हवेत एक सेकंदही नसते. तेवढ्यात चार फेऱ्या पुऱ्या करायच्या तर शरीर फिरकीच्या अक्षाला घट्ट चिकटलेलं हवं: अरुंद कंबर, हलकी हाडं, कमी वजन. वयात येण्याआधीचं मुलीचं शरीर असं असतं. वयात आल्यावर तेच शरीर बदलतं आणि कालपर्यंत सहज जमणारी फेरी आज अर्धवट राहते. त्यामुळे वाढणं हाच दोष ठरू लागला. सोचीत २०१४ मध्ये रशियाला सांघिक सुवर्ण मिळवून देणारी युलिया लिपनित्स्काया तेव्हा १५ वर्षांची होती. तिने १९ व्या वर्षी खेळ सोडला आणि खाण्याच्या विकारावर उपचार घेतल्याचं स्वतःच सांगितलं. शरीर वाढू नये, असा आग्रह जो खेळ धरतो, तो त्या शरीराचा शत्रू होतो.

जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने फुकेतच्या अधिवेशनात वरिष्ठ गटासाठी किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ वर नेण्याचा निर्णय घेतला. ठराव १०० विरुद्ध १६ मतांनी मंजूर झाला. त्यावरचा आक्षेप हलका नाही. बीजिंगच्या विजेतीचे गुण होते २५५.९५, बॉस्टनच्या विजेतीचे २२२.९७. बॉस्टनमधल्या तिन्ही पदकविजेत्यांनी ना क्वाड मारली, ना ट्रिपल ॲक्सेल. खेळ ३३ गुणांनी मागे गेला, असं कुणी म्हणालं तर आकडे त्याच्या बाजूचे आहेत. शिवाय त्रुसोवाच्या उड्या खऱ्या होत्या, तिच्या घामाच्या होत्या. त्या कमी लेखण्याचा अधिकार मला नाही.

पण अवघड कशाला म्हणायचं, हा प्रश्न उरतोच. जी गोष्ट शरीराला फक्त दोन-तीन वर्षं जमते आणि नंतर ते शरीर सोडून निघून जाते, ती थक्क करते, यात शंका नाही. मात्र ती त्या माणसाची होत नाही, त्या वयाची राहते. गाण्यात आपण हे जाणतो. लहान वयात गळा दुडदुडत धावतो, तानेवर टाळ्या पडतात. पण षड्ज नुसता लावला आणि सभा शांत झाली, असं व्हायला गाणाऱ्याचं आयुष्य मध्ये जावं लागतं. साकामोतोच्या बाहेरच्या धारेचा आवाज मला त्या षड्जासारखा वाटला. आणि नियमाने क्वाडला बंदी घातलेली नाही. नियम एवढंच म्हणतो, की थोडं थांबा. जिला सतराव्या, विसाव्या वर्षी ती जमेल, तिची ती खरोखर स्वतःची असेल.

बॉस्टनची विजेती अलिसा लिउ हे या वादाचं सगळ्यात बोलकं उत्तर आहे. १३ व्या वर्षी ती अमेरिकेची राष्ट्रीय विजेती झाली. स्पर्धेत क्वाड मारणारी ती पहिली अमेरिकन महिला. बीजिंग ऑलिंपिक आणि त्यानंतरच्या जागतिक स्पर्धेतलं कांस्य, एवढं झाल्यावर एप्रिल २०२२ मध्ये, १६ व्या वर्षी, तिने खेळ सोडला. कॉलेजात गेली, स्कीइंग केलं, जगली. दोन वर्षांनी परतली ती संगीत, वेशभूषा, सराव या सगळ्यात आपलं म्हणणं चालेल, असं ठरवून. सोनेरी पोशाखात, डॉना समरच्या ‘मॅकआर्थर पार्क’वर ती बर्फावर आली, तेव्हा ती १९ वर्षांची होती. मला तिच्या उड्यांहून उड्यांमधल्या जागा आठवतात. एका वळणावर तिने मान वर केली आणि हसली. परीक्षकांसाठी बेतलेलं हसू वेगळं असतं. ते ओळखू येतं. हे हसू तिच्या चेहऱ्यावर आपसूक आलं होतं. शेवटचा सूर संपायच्या आत अख्खं स्टेडियम उभं होतं, मीही उभी होते, आणि माझे डोळे भरले होते.

डोळे भरायला आणखी एक कारण होतं. स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी इथे श्रद्धांजली वाहिली गेली होती. २९ जानेवारीला वॉशिंग्टनजवळच्या विमान अपघातात ६७ जण गेले. त्यातले २८ जण स्केटिंगच्या जगातले होते. विचिटाच्या सराव शिबिरातून घरी परतणारी मुलं, त्यांचे आईवडील, प्रशिक्षक. बॉस्टनच्या क्लबने सहा माणसं गमावली. अपघातात गेलेल्यांमध्ये अकरा-बारा वर्षांची मुलंही होती. त्यांना मुरायला काळाने वेळच दिला नाही. ज्यांना तो वेळ मिळाला आहे, त्यांच्याकडून तो आपण हिसकावून घ्यावा, हे त्या रात्री मला असह्य वाटलं.

आणि ‘आपण’ म्हणते तेव्हा मी आपल्या घरांनाही त्यात धरते. आठ वर्षांच्या मुलीची तान ऐकून आपण किती पटकन तिला मंचावर उभी करतो. दहावीच्या आत सगळं सिद्ध व्हायला हवं, अशी घाई आपल्यालाही आहेच. कौतुक जरूर करावं. पण त्याच मुलीचं पंचविसाव्या वर्षीचं गाणं ऐकायलाही आपण जागेवर असायला हवं. मध्ये आवाज फुटेल, शरीर बदलेल, कंटाळा येईल, ती कदाचित दोन वर्षं तंबोऱ्याला हातही लावणार नाही. तेव्हा तिला नापास न ठरवणं हेच आपलं काम.

रात्री उशिरा बाहेर पडले तेव्हा माझ्या कानात टाळ्या नव्हत्या. जाड कापड एका दमात फाटल्याचा तो आवाज होता. चोवीस वर्षांच्या एका बाईच्या पायाखाली तो तयार झाला होता, आणि पंधराव्या वर्षी तो कुणाच्याच पायाखाली असा तयार झाला नसता.